आहेर पोचला

धम्मपाल हिवराळे माइकवर उभा राहिला की आहेरातला स्टीलचा चमचासुद्धा चांदीचा वाटतो, असं घाटकोपर पूर्वेला आमच्याकडे म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. एरवी माणूस साधा. तीस वर्षं मरोळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काढलेली. घरात बायकोपुढे, राधापुढे, ‘हो’ सोडून दुसरा शब्द नाही. पण लग्नाच्या हॉलमध्ये हातात माइक आला की गडी वेगळाच.

रीत अशी होती. लग्न लागलं, बुद्धवंदना झाली, की पंगत बसायच्या आधी आहेर वाचायचा. देणाऱ्याने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, धम्मपालने चष्मा नाकावर सरकवायचा, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं वाचायचं. कायमचा मुक्काम अमुक, हल्ली मुक्काम तमुक, श्रीयुत फलाणे यांच्याकडून नवरीस एक हंडा. आहेर पोचला. जेवून जावे. शेवटची दोन वाक्यं त्याची स्वतःची. चाळीस वर्षांत त्यात कानामात्रेचा फरक नाही.

त्याचे नियमही ठरलेले. आलेला आहेर वाचल्याशिवाय ठेवायचा नाही. फ्रीजला जो आवाज, तोच आवाज वाटीला. आणि वाचताना हसायचं नाही, कारण देणाऱ्याने घाम गाळलेला असतो. हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात, ते बघून त्याचं डोकं फिरायचं. म्हणायचा, मोठ्या लोकांची नावं पेपरात येतात, बोर्डावर लागतात, गरिबाने आपलं नाव ऐकायचं कुठे मग?

हे त्याला शिकवलं होतं मालनआक्काने. मालनबाई किसन तायडे, त्याच्याच गावची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, देवनारला चिंध्या निवडायच्या गोडाऊनमध्ये कामाला. दिवसभर तिला ‘ए म्हातारे’ नाहीतर ‘ओ मावशी’. ती प्रत्येक लग्नाला यायची, काहीतरी भांडं आणायची, त्यावर मशीनने नाव कोरून घ्यायची, आणि चिठ्ठी देताना दर वेळी सांगायची, धम्मा, माझं नाव सबंध घे बरं का. नाव घेतलं की ती जागेवर उभी राहायची, पदर सारखा करायची, सगळ्यांना जयभीम घालायची आणि बसायची. एवढंच. पण त्या एका मिनिटासाठी बाई आठवडाभर आधीपासून पातळ धुऊन ठेवायची.

आता धम्मपालच्या मुलीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. संघमित्रा तिचं नाव, घरात मित्रा. मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. लोक हातात रिपोर्ट धरून बावचळून उभे राहतात हे बघून तिला वाटलं, आपण हे मराठीत सोपं करून का सांगू नये? मग मोबाइल खिडकीत टेकवून व्हिडिओ सुरू केले. साखर म्हणजे काय, पेशी कमी म्हणजे काय, कधी घाबरायचं, कधी नाही. हजारभर लोक बघायचे, त्यात बायका जास्त. एकीने लिहिलं होतं की ताई, तुमच्यामुळे मी डॉक्टरला पहिल्यांदा प्रश्न विचारला. ते वाचून पोरगी दोन दिवस हवेत होती.

मग तिचा हिमोग्लोबिनचा व्हिडिओ कसा कोण जाणे लाखभर लोकांपर्यंत गेला, आणि त्याखाली लोक घाण लिहायला लागले. हिचा चेहरा बघून आमचंच रक्त आटलं. आधी स्वतःचे दात मोज, मग पेशी मोज. रंगावर, नाकावर, आणि आडनाव कळलं तसं आडनावावर. तिने ॲपवाल्यांकडे तक्रारी केल्या, चाळीस-पन्नास केल्या. दर वेळी उत्तर एकच, नियमभंग आढळला नाही.

एका रविवारी सकाळी धम्मपाल पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर मित्रा नळ चालू ठेवून नुसती उभी. भांडं भरून वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही, गाल तेवढे ओले. त्याने तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि वाचत सुटला. बापाची जात, हात शिवशिवायला लागले, पण हात उगारावा तर समोर गालच नाही! कुठल्या गल्लीत जाऊन कोणाची कॉलर धरायची? राधा म्हणाली, बंद कर गं ते सगळं. मित्रा म्हणाली, मी का बंद करू, मी काय चोरी केली? दोघींचं बरोबर होतं, आणि त्यातून मार्ग काही निघत नव्हता.

त्याने आधी सभ्यपणाने करून पाहिलं. एका बोटाने वीस मिनिटं टाइप करत एकाला समजावलं, की बाळा, तुझ्याही घरी आई-बहीण असेल, ही मुलगी लोकांच्या उपयोगाचं सांगते आहे. खाली दीडशे जण येऊन हसून गेले. काका, गोळी घ्या आणि झोपा.

मित्राने तेही वाचलं आणि या वेळी मात्र तिचा हुंदका फुटला. आपल्यापायी बापालाही ऐकून घ्यावं लागलं म्हणून. झालं. धम्मपालला पोरीचं रडणं कधीच सोसलं नाही. ती लहान असताना तो काय काय करायचा, टोपी उलटी घालायचा, बकरीचा आवाज काढायचा. आता सत्तावीस वर्षांच्या घोडीपुढे बकरी काय काढणार? हाताला आमटीची पळी लागली. ती त्याने तोंडासमोर धरली, चष्मा नाकावर सरकवला, मोबाइल चिठ्ठीसारखा लांब धरला आणि हॉलमधला तो भरदार आवाज काढला.

“कायमचा मुक्काम माहीत नाही, हल्ली मुक्काम मोबाइल, श्रीयुत शेर का बच्चा यांच्याकडून नवरीच्या नाकास एक टोमणा. आहेर पोचला. जेवून जावे.”

मित्रा रडता रडता थांबली.

त्याने पुढचा घेतला. श्रीयुत किंग ऑफ मुलुंड, स्वतःचा फोटो न लावता सिंहाचा लावलेले, यांच्याकडून नवरीच्या दातांस एक शिवी, सोबत तीन हसरे चेहरे. आहेर पोचला. जेवून जावे. मित्राला नाकातून हसू फुटलं. राधा भाजी चिरायची सोडून ओट्याला धरून हसायला लागली. तिसरा, चौथा, पाचवा. मित्रा तर खालीच बसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी, पण हे पाणी वेगळं.

सहाव्याला धम्मपाल अडखळला. त्यात लिहिलं होतं की असल्यांच्या हातून रक्त काढून घेणं म्हणजे विटाळ. त्याने पळी किंचित खाली केली, अंगठ्याने ते वर सरकवलं आणि सातवा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आलेली चिठ्ठी वगळली. मित्राने ते पाहिलं आणि सातव्यालाही ती हसली. हसू थांबवायचं नव्हतं कोणालाच.

दुसऱ्या दिवशी मित्रानेच हट्ट धरला, पप्पा, तसंच परत वाचा ना, मी शूट करते. तो आधी नको म्हणाला. आहेर वाचायचा आवाज असा वापरावा का, असं त्याच्या मनात आलं होतं, हे खरं आहे. पण पोरीच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी रंग आलेला. बापाने नाही कसं म्हणायचं? त्याने पांढरा शर्ट घातला, लग्नातला खरा माइक पिशवीतून काढला आणि सतरा शिव्या सतरा आहेरांसारख्या वाचल्या, न हसता.

तो व्हिडिओ जो सुटला तो सुटलाच. तीन दिवसांत मुंबई, पुणे, नागपूर, पार दुबईला असलेल्या मराठी लोकांपर्यंत. लोकांनी लिहिलं, काका झकास, ट्रोलवाल्यांची पार वाट लावली. अंधेरीच्या मेट्रो स्टेशनवर एका पोराने त्याच्यासोबत फोटो काढला. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, आहेर पोचला का काका? आणि धम्मपालला ते आवडलं. खोटं कशाला बोलायचं, चांगलंच आवडलं. राधाला तीन-तीनदा सांगायचा, आज अमक्याने ओळखलं.

पण औषधाची गंमत बघा. शिव्या कमी झाल्या का? छे. आता लोक शिव्या द्यायला लागले ते त्यांचं नाव वाचलं जावं म्हणून. काका, माझाही आहेर घ्या. काका, माझी शिवी मागच्या वेळी राहिली. नाकावरची, रंगावरची, एकाहून एक, घासूनपुसून लिहिलेली. आधी वीस यायच्या, आता दोन हजार. आणि मित्राला सगळ्या वाचाव्या लागायच्या, निवडायला. ज्यांत हसण्यासारखं काही नव्हतं, आडनावाच्या, विटाळाच्या, त्या ती एकटीच वाचायची आणि बापाला दाखवायची नाही. मध्ये तिने थायरॉइडवर एक व्हिडिओ टाकला, चार दिवस खपून केलेला. खाली पहिलीच ओळ, ताई ते रक्त सोड, काकांना आण. त्यानंतर तिने रिपोर्ट समजावणं बंदच केलं. विचारलं तर म्हणायची, वेळ नाही मिळत हो पप्पा. धम्मपालला कळत होतं की वेळेचा प्रश्न नाही, पण आता थांबायचं कसं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ज्याने पोरगी हसली, त्यानेच ती सुकत होती.

अशात त्याच्या धाकट्या भावाच्या, रतनच्या, मुलीचं लग्न आलं. प्रियंकाचं. हॉल विक्रोळीचा. रतनने पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलं नाही, मुद्दाम. म्हणाला, दादा, तुझ्याशिवाय आहेर कोण वाचणार? धम्मपालने माइकची जाळी ब्रशने साफ केली. खरं सांगायचं तर तो खूश होता. त्याला वाटलं, बरं झालं, आता एकदा खऱ्या माणसांचे खरे आहेर वाचू, म्हणजे तोंडाला लागलेलं ते सगळं धुऊन निघेल.

लग्न लागलं. वंदना झाली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात आला. धम्मपाल माइकपुढे उभा राहिला आणि बघतो तर समोर पन्नास-साठ मोबाइल वर झालेले. त्याने घसा खाकरला, तर एवढ्यावरच पोरं फिसकन हसली. पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या मामांची, मिक्सर. ‘कायमचा मुक्काम’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगा खिंकाळल्या. मामाही हसले, त्यांना वाटलं मजा आहे, आपणही व्हिडिओत येऊ. दुसरी चिठ्ठी, तिसरी चिठ्ठी, तेच. धम्मपालने मनाशी म्हटलं, हसू दे, लग्नघर आहे, जरा वेळाने निवतील.

चौथी चिठ्ठी मालनआक्काची होती. वेडंवाकडं अक्षर, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्याने मुद्दाम थोडं थांबून, होता नव्हता तेवढा आवाज लावून, सावकाश वाचलं.

“कायमचा मुक्काम पिंपळगाव, हल्ली मुक्काम देवनार, श्रीमती मालनबाई किसन तायडे यांच्याकडून नवरीस स्टीलच्या सहा वाट्या.”

मालनआक्का पाचव्या रांगेत उभी राहिली. धुतलेलं पांढरं पातळ, पदर सारखा केला, हात जोडले. आणि हॉलमध्ये हशा फुटला. सहा वाट्या! मागून एक जण ओरडला, मावशी, शिवी कुठाय? बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. धम्मपालच्या तोंडून सवयीने गेलं, आहेर पोचला, आणि सगळा हॉल एका सुरात गरजला, जेवून जावे!

आक्का आधी हसली. तिला वाटलं लोक कौतुकाने ओरडताहेत. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र खाली गेले. तिने पातळाच्या निऱ्या बघितल्या. मागे वळून पदराचं टोक बघितलं. कुठे काही लागलंय का, फाटलंय का, हे ती त्या गदारोळात उभी राहून शोधत होती. मग खाली बसली.

धम्मपाल माइकवर म्हणाला, हसू नका, हा खरा आहेर आहे. त्यावर अजून मोठा हशा झाला, कारण तेही त्यांना त्याच आवाजात ऐकू आलं. त्याच्याकडे दुसरा आवाज होता कुठे? चाळीस वर्षं तो एकाच आवाजात बोलला होता आणि तो त्याने स्वतःच्या हाताने शिव्यांना दिला होता. मित्रा धावत वर आली, तिने माइक घेतला, म्हणाली, प्लीज, मोठ्या माणसांचा मान ठेवा. दोघं एकत्र दिसल्यावर तर शिट्ट्याच पडल्या.

मग जे झालं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. पायरीजवळ एक मध्यमवयीन बाई आली आणि हळूच म्हणाली, भाऊ, माझी चिठ्ठी परत द्या, नाव नका घेऊ. तिच्यामागे एक म्हातारा, मग अजून दोघं. लहान आहेरवाले सगळे. ज्यांच्यासाठी धम्मपाल माइकवर उभा राहायचा तेच. त्याने गठ्ठ्यातून शोधून एकेकाची चिठ्ठी परत दिली. फ्रीजवाले, कपाटवाले तेवढे उरले. ते हसत होते, वाचा की म्हणत होते. धम्मपालने माइक बंद करून पिशवीत घातला.

पंगत बसल्यावर तो ताटाताटातून आक्काला शोधत फिरला. ती नव्हती. दारावरचा माणूस म्हणाला, ती पांढऱ्या पातळवाली ना, ती मघाच गेली, जेवली नाही.

संध्याकाळपर्यंत त्या प्रसंगाचा तुकडा कोणीतरी टाकलाही होता. पाचव्या रांगेतली म्हातारी, स्वतःच्या निऱ्या तपासणारी. खाली शिव्या सुरू झालेल्या, आता तिच्या नावाने, सबंध नावाने, कारण धम्मपालने ते स्पष्ट आणि सावकाश उच्चारलं होतं. आणि प्रत्येक शिवीखाली विनंती, काका, हा आहेर वाचा ना. मित्राने आपले सगळे व्हिडिओ काढून टाकले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हिमोग्लोबिनसकट. काय उपयोग? शंभर जणांकडे ते आधीच होते. तिने तक्रार केली. उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. पोरगी मोबाइल पालथा ठेवून भिंतीकडे बघत बसली. धम्मपाल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलावं, हसवावं असं त्याला फार वाटलं. पळी तिथेच ओट्यावर होती. तो तसाच परत बाहेर येऊन बसला.

दोन दिवस तो देवनारला जायला निघायचा आणि नाक्यावरून परतायचा. तोंड काय दाखवायचं? तिसऱ्या दिवशी दुपारी मालनआक्काच दारात उभी. राधाने पाणी दिलं, बस म्हणाली. आक्का पाटावर टेकली आणि तिने आधी तेच विचारलं जे ती तीन दिवस मनात घेऊन फिरत असणार.

“धम्मा, माझ्या पातळाला काय लागलं होतं रे?”

काही नव्हतं लागलं, आक्का, तो म्हणाला. मग जमेल तसं सांगायला लागला. मोबाइल, शिव्या, मित्राचं रडणं, पळी, व्हिडिओ. आक्काजवळ साधा फोनसुद्धा नाही, तिला त्यातलं अर्धंही कळलं नाही. शिव्यांचा आहेर कशाला वाचायचा, एवढंच ती दोनदा म्हणाली. धम्मपाल म्हणाला, पोरगी रडत होती गं. तेव्हा तिने मित्राकडे बघितलं आणि म्हणाली, मग बरोबर केलंस, पोरीला हसवायलाच पाहिजे. तिने राग धरला असता तर बरं झालं असतं. तिने माफ केलं आणि धम्मपालला कुठे जागाच उरली नाही.

तो उठला. म्हणाला, आक्का, तुझं नाव मी परत घेतो, नीट घेतो. माइक नको, काही नको. ती नको नको म्हणाली, पण म्हणता म्हणता उभी राहिली, सवयच ती. पदर सारखा केला. धम्मपालने चष्मा सरकवला आणि घरातल्या आवाजात, हळू, म्हटलं, कायमचा मुक्काम पिंपळगाव, हल्ली मुक्काम देवनार, श्रीमती मालनबाई किसन तायडे यांच्याकडून नवरीस स्टीलच्या सहा वाट्या. पुढची दोन वाक्यं त्याच्या तोंडून निघाली नाहीत.

घरात कोणी हसलं नाही. राधा नाही, मित्रा नाही. तरी मालनआक्काने हात जोडले नाहीत. ती पदर मुठीत धरून तशीच उभी राहिली, दाराकडे कान देऊन, आता हसतील म्हणून थांबून.